नाच ‘बसवणे’ : एका क्रियापदाचा विचार

मराठी समीक्षेला नृत्याविषयी काही म्हणायचे असले की पहिली अडचण परिभाषेची येते. नाट्यसंहिता, अभिनय, नेपथ्य यांसाठी घासूनपुसून घेतलेले शब्द हाताशी आहेत. परंतु नाचणाऱ्या शरीरांच्या हालचालींची जुळणी ज्या कृतीतून होते, त्या कृतीला काय म्हणावे याबाबत एकवाक्यता नाही. ‘नृत्यदिग्दर्शन’, ‘नृत्यरचना’, ‘नृत्यसंयोजन’ आणि आता सर्रास ‘कोरिओग्राफी’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. कोशात ते पर्याय म्हणून शेजारी ठेवता येतील. मात्र नाच कोण घडवतो, कशातून घडवतो आणि घडलेला नाच कोठे राहतो, या प्रश्नांची प्रत्येक शब्दाने दिलेली उत्तरे निरनिराळी आहेत. या शब्दांखेरीज आणखी एक शब्द आहे. बोलताना तो सगळेच वापरतात आणि लिहिताना जवळजवळ कोणीच वापरत नाही : नाच ‘बसवणे’. भंडारा जिल्ह्यात दंडार बसवतात. झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, त्यामुळे तेथे ऐकू येते ते ‘बसवने’. हे क्रियापद कामचलाऊ, घरगुती मानून समीक्षेने उंबऱ्याबाहेर ठेवले आहे. ते आत घेतल्याने काय दिसू लागते आणि बाहेर ठेवल्याने काय दिसेनासे झाले आहे, हा येथे विचारात घ्यायचा मुद्दा आहे.

प्रथम परक्या शब्दाचा इतिहास पाहू. ‘कोरिओग्राफी’ हा ग्रीक धातूंवरून जुळवलेला शब्द. त्यातील पहिल्या घटकाचा अर्थ नाच, दुसऱ्याचा लेखन. म्हणजे शब्दशः ‘नृत्यलेखन’. आज हा अर्थ कोणाच्या ध्यानी येत नसला, तरी आरंभी तो अगदी तंतोतंत अभिप्रेत होता. १७०० साली पॅरिसमध्ये राऊल ओझे फेये यांनी याच नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा विषय नाच रचावा कसा हा नव्हताच. नाच चिन्हांनी कागदावर उतरवावा कसा, हा होता. नर्तकाचा मार्ग दाखवणारी एक वळणदार रेघ, तिच्या दोन्ही अंगांना पावलांच्या खुणा, आणि वर स्वरलिपीची ओळ, अशी ती पाने दिसतात. नाच रचणाऱ्याला त्या काळी ‘बॅलेमास्टर’ म्हणत, आणि ‘कोरिओग्राफर’ म्हणजे फार तर नृत्यलिपीचा जाणकार. झाँ जॉर्ज नॉव्हेर यांच्यासारख्या मोठ्या नृत्यरचनाकाराने १७६० साली प्रसिद्ध केलेल्या पत्रांत या लिपीच्या उपयोगाविषयी शंकाच व्यक्त केली होती. पुढे लिपी मागे पडली, तिचे नाव मात्र उरले आणि ते लिहिणाऱ्याकडून रचणाऱ्याकडे सरकले. हे सरकणे इतके बेमालूम होते की १९३५ साली सर्ज लिफार यांना आपल्या जाहीरनाम्यात नाच रचणाऱ्यासाठी वेगळा शब्द सुचवावासा वाटला. तो शब्द रुजला नाही. तात्पर्य, आपल्याकडे जो शब्द नेमका, शास्त्रीय आणि आधुनिक म्हणून आदराने उच्चारला जातो, तो त्याच्या मूळ घरीही काहीसा चुकीच्या खुंटीवर टांगलेला आहे. तरीही त्यातील लेखनाची सावली पुरती पुसली गेलेली नाही. कोरिओग्राफी म्हटले की एक कर्ता, त्याची एक कृती, ती नर्तकांपासून वेगळी काढून दुसरीकडे नेता येण्यासारखी, अशी कल्पना आपोआप उभी राहते. संहिता आणि लेखक यांचेच हे प्रतिरूप आहे.

‘नृत्यदिग्दर्शन’ची गोष्ट वेगळी. ‘दिग्दर्शन’ म्हणजे दिशा दाखवणे. संस्कृतात या शब्दाची छटा केवळ अंगुलिनिर्देश करण्याची, विषयाची वाट दाखवून थांबण्याची. मराठी नाटक मंडळ्यांत ज्याला आज दिग्दर्शक म्हणतात, त्याला ‘तालीममास्तर’ म्हणत. गोविंद बल्लाळ देवल यांची ख्याती नाटककार म्हणून जेवढी, तेवढीच तालीममास्तर म्हणून होती. ‘तालीम’ अरबीतून आलेला आणि ‘मास्तर’ इंग्रजीतून; पण दोन्ही मिळून झालेल्या शब्दाने शिकवण्याचे, घोटून घेण्याचे काम अचूक टिपले. कुस्तीचा आखाडाही आपल्याकडे तालीमच, हा योगायोग म्हणता येणार नाही. पुढे ‘दिग्दर्शक’ आला आणि सिनेमाच्या श्रेयनामावलीने त्याच्या मागोमाग ‘नृत्यदिग्दर्शक’ रूढ केला. चित्रपटसृष्टीच्या आतल्या बोलीत मात्र ‘डान्स मास्टर’ आणि ‘मास्टरजी’ हेच शब्द दीर्घकाळ टिकून राहिले. फिल्मफेअरने नृत्यदिग्दर्शनाचा पुरस्कार १९८८च्या चित्रपटांपासून देण्यास आरंभ केला. तो पहिला पुरस्कार ‘तेजाब’साठी सरोज खान यांना मिळाला. राष्ट्रीय पुरस्कारांत ही वर्गवारी १९९०च्या चित्रपटांपासून आली आणि पहिले मानकरी ‘लेकिन’साठी गोपीकृष्ण ठरले. बोलपट १९३१चा, आणि नाचाशिवाय हिंदी चित्रपट जवळजवळ नाहीच; तरी नाच बसवणाऱ्याला पुरस्काराच्या यादीत जागा मिळायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. मास्टरजींचा ‘कोरिओग्राफर’ होणे ही श्रमाच्या कर्तृत्वात रूपांतर होण्याची घटना होती, आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. देशी शब्दाच्या प्रेमात पडून परक्या शब्दाने मिळवून दिलेली प्रतिष्ठा नाकारणे हा समीक्षेतला एक सोपा विलास आहे. तो टाळलेला बरा.

आता ‘बसवणे’. मोल्सवर्थच्या कोशात ‘बसविणें’ हे ‘बसणें’चे प्रयोजक रूप म्हणून नोंदलेले आहे, आणि मुळात विचार सुरू करायला हवा तो या व्याकरणापासून. प्रयोजक क्रियापदात दोन कर्ते दडलेले असतात : करवणारा आणि प्रत्यक्ष करणारा. ‘आई मुलाला बसवते’ यात बसण्याची क्रिया अखेर मुलाचीच असते. आई ती घडवून आणते. ‘मास्तरांनी नाच बसवला’ या वाक्यात बसणारा कोण? व्याकरण सांगते, नाच. मास्तरांनी कितीही खटपट केली तरी नाच बसला पाहिजे. तो न बसल्यास बसवणाऱ्याची क्रिया पुरी होत नाही. म्हणून तालमीच्या ठिकाणी ‘बसवला’पेक्षा ‘बसला’ आणि ‘अजून बसत नाही’ हीच वाक्ये अधिक ऐकू येतात. ‘रचना अजून रचली जात नाही’ असे कोणी म्हणत नाही. रचनेचा कर्ता एकटा पुरेसा असतो. बसण्याला मात्र आधार देणारी जागा लागते.

ती जागा कोणती, हे मराठीने आपल्या वाक्प्रचारांत सांगून ठेवले आहे. हात बसतो, जम बसतो, घडी बसते, बस्तान बसते, विश्वास बसतो. यांपैकी कोणतीही गोष्ट आज्ञेने होत नाही. सरावाने, काळाने आणि इतरांच्या संगतीने होते. सुताराचा हात बसला म्हणजे कौशल्य विचारातून उतरून मनगटात आले. ठेका बसला म्हणजे मात्रा मोजण्याची गरज उरली नाही. दुसरीकडे गणपती बसवतात, घट बसवतात. येथे बसवणे म्हणजे प्रतिष्ठापना, आणि ती ठरावीक दिवसांपुरती असते. दंडार बसवण्यात या दोन्ही छटा एकवटल्या आहेत : हालचाल शरीरात मुरणे आणि खेळाची गावात, मोसमापुरती, स्थापना होणे.

हा मोसम लक्षात घेतल्याखेरीज शब्दाचा अर्थ पुरता उलगडत नाही. भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा होईपर्यंत दोन्हींचा मिळून एकच जिल्हा होता, आणि दक्षिणेकडचा गडचिरोली-चंद्रपूरचा पट्टा धरून या साऱ्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळीच्या सुमारास हलका धान निघालेला असतो, भारी धान अजून बांधीत उभा असतो. या फटीत मंडया भरतात. भाऊबिजेपासून पुढे आज या गावाची, उद्या त्या गावाची मंडई. त्या निमित्ताने लेकीबाळी माहेरी येतात, सोयरे जमतात, मुलांची लग्ने ठरण्याची बोलणी निघतात, आणि दंडार होते. तेव्हा दंडार ‘बसवायची’ ती दिवाळीच्या आत. शेतातून परतलेल्या माणसांनी, रात्री, कंदिलाच्या किंवा आता विजेच्या दिव्याच्या उजेडात. ज्यांच्या पायांत दिवसभराचा चिखल होता त्यांच्याच पायांत रात्री ठेका बसवायचा असतो. नर्तकाचे शरीर म्हणून वेगळे राखलेले, घडवलेले शरीर येथे नाही. नृत्यविषयक बहुतेक परिभाषा असे वेगळे शरीर गृहीत धरते, आणि म्हणून ती दंडारीला लावली की सैल पडते.

दंडार या नावाचा संबंध ‘दंड’ म्हणजे काठीशी लावला जातो. राज्याच्या सीमेपलीकडे आदिलाबादच्या गोंडांमध्ये दिवाळीच्याच दिवसांत गुसाडीसोबत दंडारी नाचतात, हे नामसादृश्यही डोळ्यांआड करता येत नाही. व्युत्पत्तीचा निकाल येथे लावायचा नाही. झाडीपट्टीतली दंडार हे पुरुषांनी सादर करायचे, नाच, गाणे आणि सोंग यांच्या मिश्रणातून चालणारे लोकनाट्य आहे. स्त्रीभूमिकाही पुरुषच करतात. तिचे ‘बैठी’, ‘परसंगी’ असे भेद सांगितले जातात, आणि शेजारीच ‘खडी गंमत’ उभी असते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या लोकरंगभूमीचा आणि झाडीबोलीचा जो अभ्यास केला, त्यामुळे ही नावे मराठी वाचकापर्यंत पोहोचली. या नावांत एक गंमत आहे. ‘खडी’ असलेली गंमतही ‘बसवावी’ लागते. उभ्याने खेळायचा खेळ बसवणे, हा विरोध बोलणाऱ्याला जाणवतही नाही, कारण येथे बसणे हा उभे राहण्याचा विरुद्धार्थी उरलेला नसून अस्थिराचा विरुद्धार्थी झालेला आहे. नाचाची उभी, हलती अवस्था आणि तिच्या तळाशी बसलेला ठेका हे एकाच शब्दजोडीत मावतात. शास्त्रीय नर्तनातही शिकवणारे ‘खाली बस’ म्हणून गुडघे वाकवून घ्यायला लावतात, तेव्हा अर्थ याच्याशी फार दूरचा नसतो.

दुसरा शब्द ‘चाल’. मराठीत चाल म्हणजे गाण्याची सुरावट, आणि चाल म्हणजे चालण्याची ढबही. ‘पदाला चाल लावली’ आणि ‘तिची चाल डौलदार’ या दोन वाक्यांत शब्द एकच आहे, पण शहरी कानाला आता तो दोन शब्दांसारखा वाटतो. दंडारीत ही फारकत झालेली नाही. गाण्याची चाल बदलली की पावलाची चाल बदलावीच लागते. ढोलकीवर ठेका वळला की फेर वळतो. येथे नाचाची रचना गाण्याच्या रचनेहून निराळी काढून दाखवणे कठीण आहे, कारण ती निराळी कधी केलेलीच नसते. ‘गीत अमुकाचे, संगीत तमुकाचे, नृत्य आणखी कोणाचे’ अशी वाटणी करणारी श्रेयनामावली या खेळाला लावली की ती एकाच वस्तूचे तीन तुकडे करून त्यांवर तीन नावे चिकटवते. बहुधा तिसऱ्या तुकड्यावर चिकटवायला नावच नसते, आणि मग तेथे ‘पारंपरिक’ लिहिले जाते.

‘पारंपरिक’ या विशेषणाची झडती घेतली पाहिजे. वरवर ते सन्मानाचे आहे. व्यवहारात ते कर्त्याची जागा रिकामी ठेवते. कार्यक्रमपत्रिकेवर रात्रभराच्या खेळातून काढलेले पंधरावीस मिनिटांचे दृश्य असते, त्याची समोरासमोरच्या रंगमंचासाठी मांडणी करणारा ‘नृत्यदिग्दर्शक’ म्हणून नावानिशी येतो, आणि ज्यांनी तो नाच मुळात बसवला ते सारे ‘परंपरा’ या एका शब्दात विरघळतात. मांडणी करणाऱ्याचे कौशल्य खोटे नसते. चहूबाजूंनी किंवा तीन बाजूंनी पाहायचा फेर एकाच बाजूने पाहणाऱ्या प्रेक्षकासाठी उलगडणे हे खरेखुरे रचनेचे काम आहे, आणि ते वाईट झाले तर नाचणाऱ्यांच्या पाठी आणि मोडलेला फेर एवढेच प्रेक्षकाच्या वाट्याला येते. परंतु एका कामाला रचना म्हणायचे आणि दुसऱ्याला परंपरा, हा भेद कौशल्यावरून ठरलेला नाही. तो शब्दावरून ठरला आहे. ‘बसवणारा’ या अर्थाचे प्रतिष्ठित नाम मराठीने घडवलेच नाही, म्हणून बसवणाऱ्याचे नाव लिहिण्याची जागाही छापील पत्रिकेत तयार झाली नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की ‘बसवणे’ हे काही लोकनाट्याचे खास क्रियापद नव्हे. शाळेच्या स्नेहसंमेलनातला नाचही बसवतात, हौशी नाटकही बसवतात, गणेशोत्सवातला सिनेगीतावरचा नाचही बसवतात. हे खरे आहे, आणि म्हणूनच हा शब्द मोलाचा आहे. तो लोककला आणि नागरकला यांच्यात भिंत उभी करत नाही. झाडीपट्टीतच पाहा : वडशाच्या म्हणजे देसाईगंजच्या पेठेतून निघणारी व्यावसायिक संगीत नाटके आणि गावाच्या मंडईतली दंडार यांच्या अर्थव्यवहारात जमीनअस्मानाचा फरक आहे, तरी दोन्हीकडे तालीम होते आणि दोन्हीकडे खेळ बसतो. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाल्यावर या रंगभूमीची दखल राज्याच्या दुसऱ्या टोकालाही घेतली गेली. तिच्याविषयी जे लिहिले गेले त्यात संहितेचा विषय, संवाद, विनोद, प्रेक्षकसंख्या आणि उलाढाल यांची चर्चा होती. नाचाचा उल्लेख आला तो बहुधा ‘नृत्याची जोड’ एवढाच. जोड म्हणजे ठिगळ. रात्रभर जागणारा प्रेक्षक ज्या गोष्टीसाठी अर्ध्या झोपेतून सावरून बसतो तिला समीक्षकाने ठिगळ म्हणावे, ही परिभाषेच्या दारिद्र्याची शिक्षा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘बसवणे’ हा शब्द इतका निष्पाप आहे काय? शिस्तही बसवतात, वचकही बसवतात, दंडही बसवतात. प्रयोजक क्रियापदात सत्ता असतेच. दंडार कोणी बसवायची, तीत कोणी नाचायचे, बाईचे सोंग कोणाच्या अंगावर चढवायचे, मंडईच्या जागेत कोणी कोठे बसून पाहायचे, हे सारे गावाच्या उतरंडीने ठरत आले आहे. ‘सामूहिक निर्मिती’ म्हणून तिचे कौतुक करताना समूहाच्या पोटातले हे ताण झाकले जातात. देशीयतेच्या चर्चेने मराठी समीक्षेला स्वतःच्या भूमीकडे पाहायला लावले, हे तिचे श्रेय. पण देशी ते निर्व्याज, असे मानण्याची सवय त्या चर्चेच्या कडेकडेने वाढली, हेही नाकारता येत नाही.

या बाबतीत स्त्रियांच्या नाचांची क्रियापदे फार बोलकी आहेत. फेर धरतात. फुगडी घालतात. पिंगा घालतात. झिम्मा खेळतात. धरणे, घालणे, खेळणे. यांत प्रयोजक रूप एकही नाही, आणि ‘बसवणे’ तर नाहीच. ‘त्यांनी फुगडी बसवली’ हे वाक्य मराठी कानाला आजही किंचित विचित्र लागते. या नाचांना तालीम नव्हती, मास्तर नव्हता, प्रेक्षक म्हणून वेगळा कोणी नव्हता. थोरलीचा हात धरून धाकटी फेरात शिरली की शिकणे आणि नाचणे एकाच क्षणी घडे. दंडारीतून बाईचे शरीर वगळले गेले. बाईच्या नाचातून बसवणारा वगळला गेला. एकाच गावात, एकाच मोसमात, नाचाविषयीच्या या दोन व्यवस्था शेजारीशेजारी नांदत होत्या, आणि भाषेने त्यांची नोंद क्रियापदांत ठेवली. आज मंगळागौरीच्या खेळांचे संच होतात, स्पर्धा होतात, व्यासपीठावर ठरावीक मिनिटांत सारे खेळ दाखवावे लागतात. तेथे बायका निःसंकोच ‘आम्ही मंगळागौर बसवली’ म्हणू लागल्या आहेत. क्रियापद बदलले, कारण पाहणारा निराळा झाला. हा ऱ्हास म्हणायचा की नव्या कर्तृत्वाची खूण, याचे उत्तर घाईने देता येणार नाही. परंतु बदल घडला तो क्षण टिपायचा तर ‘कोरिओग्राफी’ची चाळणी उपयोगी नाही. तिच्या जाळीतून धरणे, घालणे, खेळणे आणि बसवणे हे चारही एकाच भांड्यात पडतात.

जुन्या शास्त्रग्रंथांत या कामाची परिभाषा नव्हती असे नाही. नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात करणे आणि अंगहार यांच्या जोडीला ‘पिंडीबंध’ सांगितले आहेत. हा समूहाच्या बांधणीचा विचार आहे, आणि त्याचे चार प्रकार केले आहेत : पिंडी, शृंखलिका, लताबंध, भेद्यक. एकवटलेला गोळा, हातात हात गुंफलेली साखळी, वेलीसारखी गुंतवण, आणि समूहातून फुटून निघणे. या संज्ञा घेऊन दंडार पाहिली तर पुष्कळ काही पकडीत येते. विशेषतः फेरातून एक नाचणारा सुटून पुढे येतो आणि पुन्हा फेरात जिरतो, त्या क्षणाला भेद्यक म्हणता येईल. यादवांच्या देवगिरीत तेराव्या शतकात संगीतरत्नाकर लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवानेही सातवा अध्याय नर्तनाला दिला. मात्र या परिभाषेला एक मर्यादा आहे. ती बांधलेल्या आकृतीचे नाव सांगते. बांधण्याच्या प्रक्रियेचे सांगत नाही. आणि दंडारीला नाट्यशास्त्राची वंशावळ जोडून दिली की तिची प्रतिष्ठा वाढते, ही समजूत तर साफ सोडून दिली पाहिजे. उपयोगी पडते म्हणून संज्ञा घ्यावी, गोत्र जुळते म्हणून नव्हे.

मराठीचेच एक दूरचे उदाहरण याहून अधिक उद्बोधक आहे. तंजावरच्या भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या नावे असलेल्या मराठी नृत्यप्रबंधांचा संग्रह तेथील सरस्वती महाल ग्रंथालयाने प्रकाशित केला. त्याचे शीर्षक ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’. यातील ‘कोरवा’ म्हणजे तमिळ ‘कोर्वै’. त्यामागच्या तमिळ धातूचा अर्थ ओवणे, गुंफणे. हालचालींचे सुटे एकक एकापुढे एक ओवून केलेली माळ ती कोर्वै. मराठी राजाच्या दरबारी, तमिळ नर्तनपरंपरेच्या मुशीत, मराठी साहित्यावर नाच रचण्याची वेळ आली तेव्हा त्या मराठीने शब्दासाठी संस्कृताकडे धाव घेतली नाही. तालमीच्या जागी जो शब्द प्रचारात होता तोच मराठी विभक्ती लावून घेतला, आणि त्याला फारसी मार्गाने आलेला ‘जिन्नस’ जोडला. विसाव्या शतकात आचार्य पार्वतीकुमार यांनी या प्रबंधांचा अभ्यास करून ते पुन्हा रंगमंचावर आणले. मराठी वाङ्मयेतिहासात या ग्रंथाला जेमतेम ओळभर जागा मिळते, आणि ती ‘तंजावरचे मराठी वाङ्मय’ या सदराखाली. तो नाचण्यासाठी लिहिला होता ही गोष्ट वाङ्मयेतिहासकाराला गैरसोयीची वाटली असावी.

ओवणे आणि बसवणे यांत फरक आहे. ओवलेली माळ उचलून दुसऱ्याच्या गळ्यात घालता येते. त्या अर्थी कोर्वै लेखनाला जवळची आहे. बसलेला नाच असा उचलता येत नाही. तो त्या माणसांत, त्या जोड्यांत बसलेला असतो. एक गडी कामधंद्यासाठी नागपूरला निघून गेला की त्याच्या जागेपुरता तो उठतो आणि पुन्हा बसवावा लागतो. दरवर्षी नव्याने बसवावे लागणे हा दंडारीचा दोष नाही. तोच तिच्या जतनाचा मार्ग आहे.

आणि येथेच कायद्याशी गाठ पडते. भारतीय कॉपीराइट कायद्याने १९५७ साली ‘नाट्यकृती’ची व्याख्या करताना तीत नृत्यरचनेचा समावेश केला, पण अट घातली की तिची दृश्यमांडणी किंवा अभिनयरूप लेखनात किंवा अन्य प्रकारे स्थिर झालेले असले पाहिजे. फेये यांच्या कागदावरची ती वळणदार रेघ अडीचशे वर्षांनी दिल्लीच्या कायद्यात अशी पुन्हा उमटली. १९९४च्या दुरुस्तीने सादरकर्त्यांना, त्यांत नर्तकांनाही, स्वतंत्र हक्क दिले. मात्र ते सादरीकरणाचे, रचनेचे नव्हेत. जे लिहून ठेवले किंवा चित्रित केले ते कायद्याला दिसते. जे पिढ्यान्‌पिढ्या बसत आले आहे ते दिसत नाही. मंडईतल्या नाचाचे चित्रण आज कोणाच्याही खिशातला फोन करतो आणि क्षणात ते गावाबाहेर जाते. स्थिर केलेले रूप हाती असणारा चित्रण करणारा असतो. बसवणाऱ्याजवळ तसे काही नसते. लोककलांच्या हक्कांची चर्चा करणाऱ्यांनी ‘समूहाचा वारसा’ हा शब्द पुढे केला आहे. त्याने थोडे काम होईल, परंतु ‘पारंपरिक’ने केलेला घोटाळा तो पुन्हा करण्याचा धोका आहे, कारण समूहातही बसवणारे मोजकेच असतात आणि गाव त्यांना नावानिशी ओळखत असते.

साहित्याच्या अभ्यासकांकडे या संदर्भात बोट दाखवणे भाग आहे, कारण लोकसाहित्याचे संकलन मुख्यतः मराठी विभागांनीच केले. दंडारीची गाणी जमवली गेली, तीत कोणती दैवते येतात, कोणती बोलीरूपे टिकून आहेत, सामाजिक जाणीव किती, यांवर प्रबंध झाले. गाणे कागदावर आले की नाच कंसातही उरला नाही. ज्या कडव्यानंतर फेर उलटतो तेथे छापील पानावर फक्त दोन ओळींमधले अंतर असते. धृपद इतक्यांदा का येते, असा प्रश्न पडलेला अभ्यासक त्याचे उत्तर मौखिक परंपरेच्या पुनरुक्तीत शोधतो. पण धृपदाच्या तेवढ्या अवकाशात फेर पुरा करून आपापल्या जागी यायचे असते, ही साधी गोष्ट त्याच्या हाती लागत नाही. अशा वेळी पुनरुक्ती हा वाङ्मयीन गुण किंवा दोष ठरवणे निरर्थक होते. ती पावलांची गरज असते.

म्हणून परिभाषा ठरवायचीच झाली तर ती कामे वाटून ठरवावी. चिन्हांनी नाच टिपून ठेवण्याला ‘नृत्यलेखन’ म्हणावे, म्हणजे ‘कोरिओग्राफी’चे मूळ काम त्याला परत मिळेल. सिद्ध झालेल्या, दुसऱ्या संचाकडे सोपवता येणाऱ्या आकृतीला ‘नृत्यरचना’ हा रूढ शब्द पुरेसा आहे. ‘नृत्यदिग्दर्शक’ चित्रपटासाठी राहू द्यावा. कॅमेऱ्याची दिशा खरोखरच तेथे ठरवावी लागते. आणि ज्या प्रक्रियेत हालचाल माणसांत मुरते, तिला समीक्षेनेही बसवणेच म्हणावे. ‘बसवण’ असे नाम करून पाहायला हरकत नाही. कानाला ते आज खटकेल, ‘मांडणी’ही पूर्वी कधी तरी खटकली असेल. पुढच्या मोसमात साकोली-लाखांदूरच्या बाजूला दंडारीची नोंद करायला जाणाऱ्याने मंडईच्या रात्री पोहोचू नये. त्याने पंधरवडाभर आधी, हलका धान बांधीत कापून पडलेला असताना जावे, आणि गाण्याच्या शब्दांआधी हे टिपावे की कोणाचे पाऊल चुकले, कोणी ते न बोलता नुसते आपले पाऊल टाकून दाखवले, आणि कितव्या रात्री सगळ्यांच्या तोंडून ‘बसली’ हा शब्द निघाला.